कार्टर बोडीवरचं नाव

बाबा, आज पोरीला ताप आहे. तुमची सून तिला औषध पाजून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आहे आणि मी उशाशी बसून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली.

आजीची आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तुम्ही झालात तेव्हा तिनं तुम्हाला बोडीवर नेलं, कपाळाला त्या तळ्याचं पाणी लावलं आणि बोडीचंच नाव ठेवलं. बोडी खोदवून घेणारा इंग्रज साहेब कार्टर. त्याच्या नावानं बोडी, बोडीच्या नावानं पाळीच्या बांधावरची आपली मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, आणि तेच नाव तुमचं. साहेबाच्या नावाच्या लेकराला मरण हात लावत नाही, असं आजी म्हणायची. तुम्ही जगलात. मग ज्या घरी लेकरं टिकत नसत तिथं हेच नाव ठेवू लागले. पाळीवरून कुणी कार्टर म्हणून हाक मारली की पाण्यातल्या दोन-तीन डोंग्यांतून ओ यायची.

हायस्कूलच्या गुरुजींनी मला सांगितलं की कार्टर म्हणजे बैलबंडी हाकणारा, विलायतेतही धंद्यावरून आडनावं पडत. मला जरा वाईट वाटलं. तुम्ही जाळं दुरुस्त करत होतात. मान वर न करता म्हणालात, "म्हंजे साहेबाचा आजा बंडी हाकत होता. तू काऊन लाजून राह्यला? आपल्यापाशी तं बंडी बी नाई." चुलीजवळून आई म्हणाली, नाव बंडीवाल्याचं अन् दारात बैलाचं शेपूटही नाही. तुम्ही खूप हसलात.

तुमच्यामागे कोळशाची खाण वाढत आली. बोडीत मातीचे ढिगारे पडले. वस्ती उठवून सडकेकडेला वसवली, तिला दुसरं नाव दिलं, एसटीची पाटीही बदलली. मी ऊर्जानगरला नोकरीला होतो. मुलगा झाला, सातव्या महिन्यातच. डॉक्टर खात्रीनं काही बोलत नव्हते. आई गावाहून आली ती ढिगाऱ्याच्या पायथ्याशी साचलेलं काळपट पाणी बाटलीत घेऊन. "बोडीचंच हाय," म्हणाली. लेकरू ठेवलेल्या खोलीत सोडेनात, म्हणून तिनं ते पाणी बाहेरून काचेलाच बोटानं लावलं आणि नाव घेतलं. मग मीही घेतलं, मोठ्यानं. नर्सनं वळून पाहिलं.

दिवाळीपर्यंत होता तो.

त्यानंतर आईनं ते नाव तोंडातून काढलं नाही. वस्तीतले उरलेले कार्टर म्हातारे झाले, नवीन कोणी होत नाही. पोरीचं नाव शेजारणीनं सुचवलं, तिच्या वर्गात त्या नावाच्या आणखी आहेत. माझा तुमच्या नावावर आता विश्वास नाही. बोडीच राहिली नाही, तर ते कशाच्या जोरावर कोणाला राखणार?

हे पत्र टाकायला ठिकाण नाही. पाकिटावर तुमचं नाव लिहायचं आणि खाली गाव म्हणून परत तेच, आणि दोन्ही आता कुठे नाहीत. घडी करून कपाटात ठेवीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. मघाशी तुमची सून वर गेल्यावर मी पोरीच्या कानाशी वाकलो आणि ते नाव घेतलं. तिनं डोळे उघडले.

"बाबा, कोणाले बोलवून राह्यले?"

मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली.