वांग्याचं पाणी

माय, काल मी तुझ्या जिवावर पुन्हा एकदा टाळ्या मिळवल्या. सुरतेत डिंडोलीला आपल्या घरामागे आता मराठी वाचनालय झालं आहे, तिथे चर्चा होती. मोठ्या हॉटेलांच्या शेफ मंडळींनी लिहिलेली पाककृतींची पुस्तकं घरी स्वयंपाक करणाऱ्याच्या कामाची असतात का, असा विषय. ज्याची मोहरी एक तर तडतडत नाही, नाही तर जळून जाते, अशा पन्नाशीतल्या संस्कृतच्या मास्तराला यात कशाला बोलावलं, असं तू विचारशील. अगं, मी लोकांना हसवतो म्हणून बोलावतात. विषय कोणताही असो, माझी चार वाक्यं ठरलेली आहेत.

तर मी म्हणालो की ही पुस्तकं व्याकरणाच्या सूत्रांसारखी असतात. एक समजायला मागची सात पाठ असावी लागतात. पान चाळीसवरच्या भाजीला पान दोनशे बाराचा रस हवा, त्या रसाला पान एकशे सहाचं तेल हवं, आणि त्या तेलाला जो पाला हवा तो ज्या डोंगरावर उगवतो तिथे आपली एसटी जात नाही. दोन दिवस खपून शेवटी बशीत काय, तर चमचाभर ऐवज आणि त्यावर चिमट्याने ठेवलेलं एक पान. आमच्या घरात चिमटा फुलके उलटायला असतो, म्हणालो. लोक हसले. मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं, म्हणजे तुला काढलं. "माझ्या आईने आयुष्यात स्वयंपाकाचं एकही पुस्तक उघडलं नाही, आणि तिच्या भरितासाठी उधन्यापासून यंत्रमागांचे कारीगर चालत यायचे." टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. कोसाडच्या वसाहतीतून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तशा भरभर बोलल्या. "सर, मी नेते ही पुस्तकं घरी. सगळं करत नाही, येडी आहे का मी? मुलगी वाचून दाखवते आणि मी एकेक युक्ती उचलते. कांदा किती वेळ परतायचा, मीठ कधी घालायचं, असं. तुमच्या आईला कुणी वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी नसती का उचलली?"

उत्तर माझ्या जिभेवर आयतं होतं. मी म्हणालो, "ताई, माझ्या आईला वाचून दाखवलं असतं, तर तिने पुस्तकाच्याच चुका काढल्या असत्या." पुन्हा हशा. बाई ओशाळून खाली बसल्या. त्यांच्याकडे बघताना आठवलं, असं खाली बसणं मी आधी एकदा पाहिलं होतं. तुझं.

तुला आठवतं का, आपल्याकडेही असलं एक पुस्तक होतं, ते आलं कसं? कतारगामला हिऱ्याच्या कारखानदाराकडे मी त्यांच्या मुलीला संस्कृत शिकवायला जायचो. त्यांच्या धाकट्या भावाने परदेशातून आणलेलं ते पुस्तक, पाटावरवंट्याच्या वजनाचं. घरातल्या बाईंनी ते उघडलं आणि दचकून मिटलं. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं. "साहेब, आमां तो पाने पाने माछली छे. तमे लई जाव." पानोपानी मासळी म्हणून शाकाहारी घरात ठेववत नाही आणि रद्दीत टाकवत नाही, अशी वस्तू गुरुदक्षिणा म्हणून मिळणारा मी सुरतेतला एकमेव पंडित असेन.

ते मी घरी आणलं तेव्हा तू ओट्यापाशी आहेस. तुझ्या खाणावळीची पहिली पंगत उठली आहे, दुसरी रातपाळीच्या लूमवाल्यांची बसायची आहे. तू पदराला हात पुसतेस, खाली बसतेस आणि पानं उलटायला लागतेस. इंग्रजी तुला येत नाही, पण चित्रांना भाषा लागत नाही. एका पानावर काळं पडलेलं भाजकं वांगं दिसतं आणि तू थांबतेस. "हाई वाच."

मी हसायला लागतो. तू म्हणतेस, "तू नुसतं वाच. शहाणपण मंग कर."

मी वाचलं. वांगं विस्तवावर भाजायचं, सोलायचं, मलमलीत बांधून रात्रभर टांगायचं. खाली जे पाणी गळेल ते आटवून आटवून काकवीसारखं करायचं आणि वाढताना वरून थेंब सोडायचा. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "हाई पाणी ते आपण फेकी देतस." एवढंच. पण तुझा चेहरा मी पाहिला होता. पंचवीस माणसांना रोज दोन वेळा वाढणारी, भरिताची पांढरट हिरवी वांगी जळगावहून येणाऱ्या बसमधून मागवणारी, तुरीच्या काड्यांवाचून वांगं न भाजणारी तू. आपल्याला येतं त्यात अजून काही शिल्लक आहे, हे ऐकून तुझा चेहरा उजळला होता. मी इतकी वर्षं वर्गात उभा आहे, तसा चेहरा माझ्यासमोर मोजून दोनदा-तीनदा आला असेल.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी तू ते केलंस. श्रीखंडाचा चक्का टांगायच्या खिळ्याला आदल्या रात्रीच वांगी टांगलीस, खाली पातेलं. सकाळी वाटीभर पाणी जमलं, ते तू मंद विस्तवावर आटवत बसलीस, आणि पोळ्या लाटणाऱ्या काकूंना त्याकडे फिरकू दिलं नाहीस. लाकडी बडगीत भरीत ठेचलंस, नेहमीसारखंच, मिरची लसूण दाणे कांद्याची पात. पंगत बसली. सगळ्यांना वाढून झाल्यावर माझं ताट आलं. त्यात वाटीने पाडलेला भरिताचा गोल मुटका, अगदी त्या चित्रातल्यासारखा, आणि त्यावर काळसर चकाकणारा एक थेंब. कडेला कोथिंबिरीचं एकच पान. चिमट्याने ठेवलं होतंस का गं? मी कधी विचारलं नाही.

तू समोर उकिडवी बसलीस. "बोल ना. कसं लागनं?"

पंचवीस माणसं बघत होती. मी नुकताच शाळेत लागलेला, चार श्लोक येणारा, खाणावळीत लोक ज्याला 'पंडितजी' म्हणून चिडवत तो. चिडवण्यात आपण वरचढ राहायचं एवढंच मला कळायचं. मी ताट दोन्ही हातांनी उचललं, होमात आहुती टाकतात तसं पुढे सरकवलं आणि खर्जात म्हणालो, "इदं न मम." मग अर्थही सांगितला, म्हणजे कुणाचं हसू राहून जायला नको. हे माझं नव्हे, हे पंचतारांकित देवांचं. सगळे फुटले. पारोळ्याचा एक लूमवाला ओरडला, "मावशी, उद्यापासून आमले बी थेंब थेंबच वाढशी का?" तूही हसलीस. हसत हसतच ताट उचललंस, मुटका मोडून टाकलास, त्यावर आणखी पळीभर भरीत घातलंस आणि नेहमीसारखं करून मला परत दिलंस. मग मोरीच्या कडेला जाऊन खाली बसलीस. कालच्या त्या बाई बसल्या तशी.

त्यानंतर दोनदा तू ते पुस्तक माझ्यापुढे ठेवलंस. वांग्याचं नव्हे, दुसरंच एक चित्र दोन्ही वेळा उघडलेलं, राखाडी ढेकळातून डोकावणारं काहीतरी गोल. "हाई काय शे?" पहिल्यांदा मी म्हणालो, पेपर तपासतोय. दुसऱ्यांदा म्हणालो, "माय, ते आपल्या कामाचं नाही." तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. पुस्तक डाळीच्या डब्याखाली गेलं.

आता खरी लाज वाटावी असं सांगतो. त्या दिवसानंतर तुझ्या भरितात बदल झाला होता. सोललेली वांगी तू चाळणीत ठेवायचीस, खाली पातेलं. गळलेलं पाणी आटवून, कुणाला न सांगता, बडगीत परत घालायचीस. थेंब नाही, मुटका नाही, पान नाही. दोन दिवसांची कृती तू पंचवीस माणसांच्या घाईत बसवली होतीस, पुस्तकातलं जेवढं घरचं होतं तेवढंच ठेवून. उधन्याहून माणसं चालत यायला लागली ती त्यानंतर. चाळणीखालचं पातेलं मी रोज बघत होतो. मला माहीत होतं. माहीत असून तू गेल्यावर सोळा वर्षं मी प्रत्येक व्यासपीठावर सांगत आलो की माझ्या आईला पुस्तक लागलं नाही. तुझी निरक्षरता मी दागिन्यासारखी मिरवली, आणि तुझा अभ्यास चोरून ठेवला. पुस्तकं निरुपयोगी आहेत हे सिद्ध करायला मी जे भरीत पुढे करत होतो, ते पुस्तकातूनच आलं होतं.

काल कार्यक्रम संपल्यावर मी त्या बाईंना शोधत खाली गेलो. त्या निघून गेल्या होत्या. वाचनालयाच्या सचिवांनी पाठीवर थाप मारली, "सर, काय बोललात!" मी म्हणालो, "हो ना."

आज सकाळी डबा हलवून पुस्तक काढलं. कडा तेलकट झाल्या आहेत, वांग्याच्या पानावर तुझं हळदीचं बोट उमटलेलं आहे. ढेकळाचं चित्रही सापडलं. मी ओट्यापाशी बसून मोठ्याने वाचलं, तू सांगितलं असतंस तसं, शहाणपण न करता. तो कांदा आहे, माय. अख्खा कांदा, सालासकट, गरम राखेत पुरून सावकाश भाजायचा, मग फोडून मीठ घालून खायचा. तू हसून लोळली असतीस. तुझ्या माहेरी शेतावर हेच करत, तूच मला सांगितलं होतंस. त्या परदेशी आचाऱ्याने तुझ्या बापाचा कांदा छापला होता, आणि मी म्हणालो होतो की ते आपल्या कामाचं नाही. वाचायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ही पुस्तकं घरी कामाची असतात का, याचं उत्तर आता मला येतं, पण पुढच्या वेळी व्यासपीठावर ते देईन असं तुला वचन देत नाही. मला टाळ्या आवडतात, तुला ठाऊक आहे. कोसाडच्या त्या बाईंचा पत्ता मात्र वाचनालयाच्या नोंदीत मिळेल. जायची हिंमत होते का बघतो. हे पत्र घडी करून पुस्तकातल्या वांग्याच्या पानात ठेवतो, दुसरीकडे कुठे धाडणार?

आणि एक राहिलं. त्या दिवशी ताट पुढे सरकवण्याआधी मी त्या थेंबाला बोट लावलं होतं. हशा चालू असताना, कुणी बघत नाही असं पाहून, चाटलं होतं. तू विचारलं होतंस ना, कसं लागनं. फार चांगलं लागलं होतं, माय.