आतलेच होते, गुरुजी

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण मला जे विचारायचं आहे ते दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. मी जळगावच्या एका दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो आहे. आत माझी बायको आहे. तिचं लिव्हर कडक झालंय, पोटात पाणी साठलंय. काल डॉक्टरांनी सुईने थोडं पाणी काढलं, ते गढूळ निघालं, म्हणाले त्यात जंतू झालेत. मी म्हणालो, जंतू गेले कुठून? आम्ही तर तिला उकळून गाळल्याशिवाय पाणी दिलं नाही. डॉक्टर तरुण आहे, समजावून सांगणारा. म्हणाला, "आबा, हे बाहेरून आलेले नाहीत. त्यांच्या आतड्यातलेच आहेत. जन्मभर तिथे राहून अन्न पचवायला मदत करत होते. लिव्हर कडक झालं की रक्त मागे तुंबतं, आतडं सुजतं, त्याची भिंत सैल पडते. मग हे त्या फटींतून पलीकडे पाण्यात जातात." मी विचारलं, पण आपले होते तर आता असे का वागतात? तो म्हणाला, "ते तसेच आहेत, आबा. जागा बदलली."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण गेले कित्येक महिने मी घराचा दरवाजा राखत बसलो होतो. सुनेच्या मागे लागायचो, हात धुतले का, भाजी दोनदा धुतली का. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओट्यावरूनच परत पाठवायचो. दिवाळीच्या आधी बायकोची धाकटी बहीण सावद्याहून आली, डब्यात कळण्याची भाकरी अन् ठेचा घेऊन. तिला खोकला होता. मी दारातच आडवा झालो. ती म्हणाली, "दाजी, मी काय रोग आनला का संगे?" मी म्हणालो, बरं वाटलं की ये. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि मागे न बघता बस स्टँडकडे चालू लागली. आत खाटेवरून हिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "पानी तं गाळतच होते तुम्ही. आता माह्या बहीनले बी गाळून टाकलं." सून तोंडाला पदर लावून हसली. मी चिडलो. मला वाटलं, या बायकांना कशाचं गांभीर्य नाही.

तुमचा तो तास आठवतो. आम्ही सातवीची पोरं, तुम्ही धुळ्याकडचे. तुम्ही "आहे"ला "शे" म्हटलं की मागच्या रांगेत खसखस पिकायची. त्या दिवशी तुम्ही आम्हाला शाळेमागच्या मुगाच्या वावरात नेता, एक झाड मुळासकट उपटता, माती झटकता. मुळांना बारक्या गाठी. आम्ही ओरडतो, कीड, कीड! तुम्ही म्हणता, "कीड नही रे, ह्या बठ्ठा सोबती शेतस," म्हणजे हे सगळे सोबती आहेत, आणि नखाने एक गाठ फोडून दाखवता. आत लालसर. मग नीट मराठीत सांगता, की हे जंतू मातीतून येतात, मुळाचा केसासारखा तंतू त्यांच्याभोवती वळतो, त्यांना आत घेतो, दोऱ्याएवढी वाट करून देतो, आणि ते आत आत जाऊन घर करतात. झाडाला खत देतात, झाड त्यांना साखर देतं. मी विचारलं होतं, "गुरुजी, वाट केली तं वाईट बी घुसतीन ना? मुळाले कसं कळते?" तुम्ही झाड खाली टाकलंत. "सगळ्यांना गंमत वाटली, तुलाच आधी भीती कशी वाटली रे?" सगळे हसले. माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ते मोठं आहे, आठवीत सांगतो. आठवी मला मिळालीच नाही. पुढच्या मोसमात मी रावेरला केळीचे घड वाहत होतो.

डॉक्टर सांगत होता, यातले कितीतरी जंतू जन्मताना आईकडून येतात. म्हणजे ही लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हा त्यांना बरोबर घेऊनच आली. आम्ही भांडीकुंडी मोजून घेतली आणि ते कुणाला दिसले नाहीत. तिने खाल्लेल्या प्रत्येक घासातला वाटा त्यांना मिळाला. आता कोणावर रागवायचं? चोर असता तर काठी घेतली असती. घरचंच माणूस भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेलं आणि तिथे घर जळायला लागलं, तर काय करायचं असतं, गुरुजी? सलाईनमधून औषध चाललंय. त्याचा गुण येत नाही. लघवी बंद होत आली आहे. सकाळी डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा.

मुलाने सावद्याला फोन केला. बहीण मिळेल त्या गाडीने आली, घरच्याच लुगड्यावर. वॉर्डाच्या दाराशी मला बघून थांबली. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती: "दाजी, आता जाऊ का आत?" मी बाजूला झालो. ती आत गेली, पायाशी बसली, हिचे तळवे चोळू लागली. म्हणे, "अक्का, मी आली व." हिने डोळे उघडले, पण ओळखलं की नाही, दाराच्या काचेतून कळलं नाही. असं दोन दिवसांपूर्वी झालं असतं तर ओळखलं असतं. तेव्हा ती बोलत होती. दोनदा बहिणीचं नाव घेतलं होतं.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी पाठवला नसता. नर्सबाई मघाशी मलाही बोलवायला आली होती. म्हणाली, आबा, या, त्यांचा हात धरून बसा. मी म्हणालो, हात धुऊन येतो. धुतले, आणि इथे येऊन हे लिहीत बसलो. हात केव्हाच वाळले आहेत.