आईच्या कॉम्प्युटरची काळजी

१२ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. तळघरात लिहायला शांतता चांगली मिळते. मी आईकडे राहत नाही, तिच्या देखभालीसाठी थांबलोय. हा फरक माझ्या बहिणीला, मार्जीला, कळत नाही. ॲरिझोनात उन्हात बसून फोनवर विचारते, रसेल, नोकरीचं काय झालं? मी कन्सल्टंट आहे. सध्या क्लायंट नाही, इतकंच.

संकल्प: आईच्या कॉम्प्युटरवर ‘बोरियल’ बसवणे. जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट. आई म्हणाली, माझं आहे ते नीट चाललंय की. ज्यांना काही कळत नाही त्यांचं सगळं नीटच चाललेलं असतं.

१३ ऑक्टोबर

बसवली. खबरदारी म्हणून जुनी सिस्टीमही शेजारी ठेवली, हवी ती चालू करता येते. वायफाय, प्रिंटर आणि आवाज सोडले तर सगळं उत्तम.

माझ्या फोनवरही बोरियलच आहे. फोन लागत नाही अधूनमधून, पण तो टॉवरचा दोष.

१९ ऑक्टोबर, रविवार

वायफाय नाही, म्हणून आई मार्जीशी व्हिडिओवर बोलायला शेजारच्या व्हर्ननकडे गेली. व्हर्नन विधुर, रेल्वेतून रिटायर, कोणाच्याही अंगणातला पाला विचारल्याशिवाय गोळा करतो. आई दोन तासांनी परतली, गालाला भोपळ्याच्या गोड पेस्ट्रीचा कण लागलेला. मी म्हटलं, वायफायचं काम चालू आहे. ती म्हणाली, घाई नाही रे.

२४ ऑक्टोबर

स्क्रीन उलटी झाली. बोरियलच्या फोरमवर तक्रार टाकली, कोणी फिरकलं नाही. आई मान वाकडी करून स्क्रीनवर पत्ते खेळत बसली होती. तास-दीड तास. तक्रार नाही, काही नाही.

हे बघून मनात आलं: नॉर्मल माणूस असं बसेल का?

मार्जीला फोन केला. म्हटलं, आईला आता वर काय आणि खाली काय कळेनासं झालंय. स्क्रीनचा तपशील सांगितला नाही. तांत्रिक गोष्टी तिला उगाच जड जातात.

२८ ऑक्टोबर

‘सिल्व्हर मेपल्स’ बघून आलो. वृद्धांसाठी छान जागा. बुधवारी बिंगो, जेवण मऊ. तिथल्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी विस्मरणाचा दाखला दिला की मुलाला आईच्या वतीने सह्यांचा अधिकार मिळवणं सोपं जातं.

आई तिकडे राहायला गेली तर घराकडे बघायला कोणीतरी लागणारच. तो भार मी उचलीन. ती निवृत्त ग्रंथपालांच्या बैठकीला गेली होती तेव्हा वरच्या खोलीचं माप घेतलं. तिची शिलाई मशीन गेली की माझं मोठं टेबल खिडकीशी बसतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज हिवाळ्याच्या वेळेसाठी देशभर घड्याळं तासभर मागे. पहाटेच उठलो आणि कॉम्प्युटरने वेळ बरोबर बदलली का ते आधी बोरियलमध्ये, मग जुन्या सिस्टीममध्ये, मग पुन्हा बोरियलमध्ये जाऊन तपासलं. असा कसोशीने वागणारा मुलगा आईला कुठे मिळणार आहे.

आई शब्दकोडं सोडवत कॉम्प्युटरसमोर होती. त्यावरची वेळ बघून चर्चला निघाली. पोचली तेव्हा लोक कॉफी पिऊन घरी निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा उशीर.

परत येऊन म्हणते, तुझा कॉम्प्युटर तासभर मागे आहे, माझ्या स्टोव्हचं घड्याळ बरोबर आहे, काल रात्री मी स्वतः लावलंय. मी तिला समजुतीने सांगितलं की स्टोव्ह हा स्टोव्ह असतो. ती म्हणाली, टीव्हीही तेच दाखवतो, चर्चही तेच म्हणतं. मी म्हटलं, आई, सगळं जग चुकलं आणि तू एकटी बरोबर, असं वाटायला लागणं हे लक्षण आहे.

मार्जीला लगेच कळवलं. रडली. मलाही वाईट वाटलं. दुपारी खोलीसाठी रंग घेऊन आलो.

४ नोव्हेंबर

आई म्हणते घड्याळ मागे आहे, हेही फोरमवर टाकलं होतं; उत्तर आलं, तेही उर्मट. कोणी तरी लिहितो: एका मशीनवर दोन सिस्टीम ठेवल्या की घड्याळं बदलतात त्या दिवशी दोघीही आपापला एकेक तास मागे ओढतात, सगळ्यांना माहीत आहे, एक सेटिंग बदला. वर लिहितो: यात वापरणाऱ्याची चूक नाही, बसवणाऱ्याची आहे.

मी उत्तर दिलं की वापरणारी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तिची बुद्धी ठिकाणावर नाही. त्याने तक्रार बंद करून टाकली. फुकट काम करणाऱ्यांकडून सभ्यपणाची अपेक्षा करू नये.

सेटिंग बदललं नाही. डॉक्टरांकडे आईच्या स्मरणशक्तीची तपासणी ठरवतोय, ऐन त्याआधी तिचा गोंधळ वाढवायचा नाही.

६ नोव्हेंबर

तपासणी तेरा तारखेला, सकाळी दहाला. घरात एकच वेळ असावी म्हणून माझ्या फोनचं घड्याळही कॉम्प्युटरवरून लावून घेतलं. गाडीचं घड्याळ मी उन्हाळ्यापासून बदललेलंच नाही, तिकडे लक्ष देत नाही.

आईला सांगितलं की साधी तपासणी आहे. ती म्हणाली, बरं. इतकी सहज तयार झाली, बिचारी. फक्त म्हणाली, मी व्हर्ननबरोबर येईन, तुझी गाडी गार असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात दहाला पाच कमी असताना पोचलो. आई आणि व्हर्नन बाहेर पडत होते. बाहेर! मागे डॉक्टर ब्रॅन्टली. म्हणाल्या, अकरा वाजत आले, आम्ही तुमची वाट बघितली. तुमच्या आईची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग त्यांनी माझ्या फोनकडे बघून विचारलं की तुम्हाला हल्ली वेळेचा गोंधळ वारंवार होतो का.

आई व्हर्ननच्या गाडीत बसली. मग काच खाली करून म्हणाली, रसेल, तळघरात बोललेलं सगळं हीटरच्या जाळीतून माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. तू मार्जीला काय सांगतोस तेही, आणि सिल्व्हर मेपल्सच्या बाईंशी फोनवर काय बोलतोस तेही.

मी म्हटलं, आई, मी तुझ्याच भल्यासाठी. ती म्हणाली, तुझ्या वडिलांची बोट तू विकलीस, तीही त्यांच्याच भल्यासाठी. ते तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. मला सगळं आठवतं, तीच तर अडचण आहे.

सह्यांचा अधिकार तिने मार्जीला दिला. कागद व्हर्ननच्या मांडीवर होते. तळघर महिनाअखेरीच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी रिकामं करायचं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

हायवेलगतचं मोटेल. तात्पुरतं. इथलं इंटरनेट चांगलं आहे, बोरियलवर सलग काम होईल. इथूनच कन्सल्टिंग सुरू करण्याचा विचार आहे.

संध्याकाळी आईचा फोन आला. चक्क लागला. मागे हसण्याचे आवाज, मार्जी मुलांना घेऊन आली आहे. व्हर्ननने बोरियल काढून टाकली, म्हणे सगळं पुन्हा नीट चालतंय. वरच्या खोलीला मी आणलेला रंग लावला, शिलाई मशीनमागे छान दिसतो. तिने त्याबद्दल माझे आभार मानले.

मी विचारलं, तिकडे यायला निघू का, सणाच्या जेवणातली टर्की उरली असेल ना.

ती म्हणाली, उरलीय. व्हर्नन उद्या सकाळी मोटेलच्या ऑफिसात डबा ठेवून जाईल. तळघराची किल्ली तुझ्याकडेच राहिलीय, ती तिथेच ठेव, म्हणजे त्याला तुला उठवायला नको.