ढालीवरचा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

ढाल! आता ढाल कुठून आणू? वीस तारखेच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनाची थीम 'राजेशाही'. त्यात मोठ्या सरांचा फतवा — स्टाफमधल्या प्रत्येकाने पोशाखासोबत ढाल आणायची, तिच्यावर आपल्या घराण्याचं चिन्ह. स्वतः कल्पून काढलेलं! पहिला नंबर सर स्वतः काढणार. आमचं घराणं म्हणजे काय, तर पप्पा टेम्पो चालवायचे आणि आई निगडीत कंपनीच्या पोरांना डबे देते. यातून काय चिन्ह काढणार, कपाळ?

पण नंबर हवाय. तीन वर्षं चाकणच्या या कारखान्यात एचआरमध्ये आहे, सर अजून मला "अहो" म्हणतात. नाव माहीत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

माणूस सापडला! असेंब्ली लाइनवरचा समर्थ. कंत्राटी कामगार, लातूरकडचा, तिशीचा असेल. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर मार्करने सुपरवायझरचं चित्र काढत होता, मिशीसकट हुबेहूब. म्हटलं, माझी ढाल काढून देशील? लाजला. मग म्हणाला, "देतो की."

मी म्हटलं सिंह काढ, वर मुकुट. तर म्हणतो, "शिंव्ह समद्यांचाच असतो मॅडम. तुमच्या घरात काय हाय ते सांगा." तोंडातून निघून गेलं — डबे! मग जीभ चावली.

८ फेब्रुवारी, शनिवार

समर्थने कच्चं चित्र आणलं. मधोमध चार कप्प्यांचा डबा, दोन बाजूंना टेम्पोची चाकं, वर ज्वारीची कणसं. डबा असा काढलाय की राजवाड्याचा मनोराच वाटावा. बघतच राहिले. रंगवायला दहा दिवस लागतील म्हणाला, सुट्टीच्या वेळात जमेल तेवढं करतो.

त्याला चहासुद्धा विचारला नाही. आत्ता लक्षात येतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ब्रेकची यादी टाइप करायला घेतली. सात महिने भरले की कंत्राटी माणसाला महिनाभर घरी बसवायचं, म्हणजे तो 'कायम करा' म्हणून हक्क सांगत नाही. हा आमच्याकडचा रिवाज. पत्रं मीच काढते. समर्थची तारीख १४! आणि ढाल अर्धीसुद्धा झालेली नाही.

खाली नवनाथ नावाच्या वेल्डरची तारीख होती, २८. दोघांच्या तारखांची अदलाबदल करून टाकली. दोनच तर आठवडे! सही करणारे साहेब यादी वाचत नाहीत. एवढ्याने कुणाचं काय बिघडतं?

झोपते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवनाथ पत्र घेऊन आला. कमी बोलणारा माणूस. "मॅडम, अठ्ठावीस म्हणाले होते ना? मंगळवारी मुलीकडचे येणारेत. कंपनी बघायला." हल्ली सोयरिकीचे पाहुणे थेट गेटवरच येतात, वॉचमनला नाव सांगून विचारतात — खरंच आहे का इथे? आमच्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात. नवनाथने चार दिवस मागितले. चारच!

मी म्हटलं, "वरून आलंय. माझ्या हातात नाही."

सही करून गेला. ओळखपत्र जमा केलं, तेही दोरी नीट गुंडाळून. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सारखा ड्रॉवर उघडला जातो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर स्वतः टेबलाशी आले. वेल्डर का कमी पडतोय म्हणून चिडले होते, पण ढाल दिसली आणि चिडणं विसरले. हातात घेऊन बघत बसले. "वा! कल्पना कुणाची?" "माझी, सर." तेवढ्यात गेटवरून फोन — दोन पाहुणे आलेत, नवनाथची चौकशी करतायत. मी सांगितलं, नवनाथ ब्रेकवर आहे, महिन्याने परत येईल. आहे तेच सांगितलं. पाहुणे लगेच गेले म्हणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिला नंबर!

स्टेजवर सरांनी माइकवरून विचारलं, हे मधलं काय? "बुरूज, सर. आमच्या गावच्या गढीचा." कुठली गढी! टाळ्या पडल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "डबा छान काढलाय गं, दिव्या." मी रस्त्याकडे बघत बसले. मला माझीच लाज वाटली, आईची नाही, हे तिला कसं सांगू?

कंत्राटी लोकांना संमेलनाला बोलवत नाहीत. समर्थला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर आज नावाने हाक मारत होते. जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

समर्थला त्याचं पत्र दिलं. न वाचताच सही केली. म्हणाला, "माझी तारीख चौदा होती मॅडम. आमाला तारखा पाठ असत्यात. नवनाथ माझा रूम पार्टनर हाय, निघोज्यात एकाच खोलीत ऱ्हातो आमी." मी पत्राची प्रत फाइलला लावत राहिले. तो म्हणाला, "मी ढाल काढायलाच नको होती."

मग सांगितलं, नवनाथची सोयरीक मोडली. मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो. "ब्रेकमुळं न्हाई मोडली. पाव्हणं म्हणले, आमचा थोरलाबी ब्रेकवर जातोच की. पर गेटवर त्यांना सांगितलं, या नावाचं हितं कधीच कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी नवनाथला लबाड ठरवलं. चार दिस जेवला न्हाई तो." माझ्याकडे बघून म्हणाला, "असं कोण बोललं असंल, मॅडम?"

मी म्हटलं, वॉचमनला विचारते.

१ मार्च, शनिवार

अठरा तारखेचं पान खोटं आहे. 'ब्रेकवर आहे' असं मी फोनवर म्हटलंच नव्हतं. सर ढाल घेऊन समोर उभे होते. वेल्डर ब्रेकवर म्हटलं असतं तर त्यांनी यादी मागितली असती, तारखांची अदलाबदल उघडी पडली असती. म्हणून मी म्हटलं, "नवनाथ? या नावाचं आमच्याकडे कधीच कोणी नव्हतं." आणि घरी येऊन इथे दुसरंच लिहिलं. इथे तरी कोण बघणार होतं!

गेटच्या रजिस्टरमधून पाहुण्यांचा नंबर उतरवून आणलाय. आता फोन लावते.