बुटकीच्या पेशी, माझ्या पेशी

४ मार्च

पकडली! बुटकीची पेशी आज बोलली. ताईच्या लेकीच्या कातडीच्या कणापासून आम्ही बशीत मज्जापेशी वाढवल्यात — केसाहून बारीक टोकाची काचेची नळी एकीला टेकवली आणि पडद्यावरची रेघ उसळायला लागली. थांबेचना! दहा महिन्यांच्या पोरीच्या डोक्यात हे असं चालतं, म्हणून फिट येते. मला रडूच फुटलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "नळी हलेल गं, बाहेर जाऊन रड."

५ मार्च

पेशीच्या भिंतीत तिला शांत करणारी दारं असतात. ती बनवणाऱ्या जनुकात बुटकीचं एक अक्षर चुकलंय. दारं कमी पडतात.

ताईचा रोजचा प्रश्न — "बरी होईल ना गं?" मी म्हणते, "बघू." किती दिवस बघू!

११ मार्च

तुलनेला निरोगी माणसाच्या पेशी लागतात. आमच्याकडची रीत — मोकळा दिसेल त्याने बाही वर करून कातडीचा कण द्यायचा. गेल्या पावसाळ्यात मी सापडले होते. आज माझ्या पेशी तपासल्या. काय गुणी! डिवचलं तर एकदा उसळतात, मग गप्प. माझ्यावर मुळीच गेल्या नाहीत.

१४ मार्च

जनुकं वाचणारी दारातूनच ओरडली — "तुला निरोगी कुणी म्हटलं?" माझ्यातही तेच अक्षर चुकलंय! सरांनी कपाळावर हात मारला. "पोरीशी तुलना करायला तिची सख्खी मावशी! दिव्याखाली अंधार."

पण मग माझ्या पेशी शांत कशा?

२० मार्च

कळलं! दारं कमी पडली म्हणून माझ्या पेशींनी दुसऱ्याच जनुकाकडून वेगळी दारं जास्त बनवून घेतलीत. पेशी फार उसळली की तिच्यात कॅल्शियम वाढतं, आणि त्याची वर्दी जनुकांपर्यंत जाते. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात आयुष्यभर हे चाललं होतं आणि मी घरभर चष्मा शोधत हिंडत होते! एवढं मोठं काहीतरी, आणि ते माझ्यात!

बुटकीच्या पेशींत ते दुसरं जनुक झोपलेलंच आहे. सर म्हणाले, "तिच्या बशीतल्या पेशी तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी धाकट्या. धीर धर." उठेल का नाही, कोण सांगणार! ताईला काहीच बोलले नाही.

२३ मार्च

आईला फोन केला. लहानपणी मला काही व्हायचं का? ती म्हणाली — "तुलाही यायच्या फिट. वर्षाची झालीस आणि आपोआप थांबल्या. दोष आपल्याकडचा निघाला तर ताईच्या सासरी काय म्हणतील म्हणून बोलले नाही गं."

मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस. ताईला जोडते."