अण्णांच्या खोलीची वाटणी

प्रिय निरंजन,

वकिलांचा फोन आला होता. शुक्रवारी अकरा वाजता निबंधक कार्यालयात, घर विकायच्या कागदांवर आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. घेणारं जोडपं नवरा-बायको आहे, त्यामुळे त्यांचे कागद किती सोपे, हेही वकिलांनी मला ऐकवलं. आपले बघून ते दर वेळी नाक मुरडतात. लग्न नाही, नातं नाही आणि घर मात्र दोघांच्या नावावर! सामानाची यादी करा म्हणाले, केली. तुझ्या नावापुढे मिक्सर लिहिलाय, कारण तो बिघडलेला आहे.

हसला नसशील. चऱ्होलीच्या या घराचं नाव काढलं की तुझा चेहरा कसा होतो, ते मला न बघताही दिसतं. तुझ्या अण्णांच्या दहाव्यानंतर तू चाकणला कंपनीजवळ खोली घेतलीस आणि इथे पुन्हा पाऊल टाकलं नाहीस. कपडेसुद्धा तुझ्या कंपनीतल्या गणराजला पाठवून मागवलेस. बिचारा जिन्यातच उभा राहिला, पाणीही घेईना. मी मात्र इथेच आहे, आणि खरं सांगू, मी एकटी नाही. सकाळी साडेसातला, तिसरी शिफ्ट सुटून तुझी बस यायची त्या वेळेला, दाराशी किल्ली वाजते. उठून जाते, तर कोणी नसतं. आणि दुपारी अण्णांच्या खोलीतून खोकला येतो. आधी वाटलं, शेजारचे असतील. शेजारच्या घराला कुलूप आहे. कामाला येणाऱ्या सरूबाईनेही तो ऐकला. म्हणाली, "ताई, म्हाताऱ्याचं कायतरी राहिलंय बगा." तेव्हापासून ती त्या खोलीत झाडू मारत नाही. मी मारते, आणि मारताना मला भीती वाटते. काय राहिलंय ते मला माहीत आहे म्हणून जास्तच.

अण्णा उपचारासाठी गावाहून आले, त्याच्या आदल्या दिवशीच आपण त्यांना फोनवर सांगितलं होतं की आठ दिवसांपूर्वी कोर्टात लग्न केलं. लग्न नको हा हट्ट माझा. माझ्या दिपालीताईच्या संसाराचे हाल मी जवळून बघितले होते, माझी हिंमतच होत नव्हती. खोटं बोलायची कल्पना मात्र तुझी, आजारी माणसाला धक्का नको म्हणून. पाच महिने ते मला सूनबाई म्हणत राहिले. दुधात भाकरी कुस्करून दिली की इकडच्या ज्वारीला चव नाही म्हणून कुरकुरायचे आणि सगळी संपवायचे. माझा त्यांच्यावर फार जीव जडला होता रे. तू कामावर असायचास, त्यामुळे तुला ते तेवढं दिसलं नाही.

दहाव्याच्या दिवशी आळंदीच्या घाटावरून आपण परत आलो. मी चहा टाकला होता. तू स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालास, "तुझ्या हट्टापायी मी माझ्या बापाला मरेपर्यंत फसवलं." चहा न घेताच निघालास. आपलं सगळं तिथेच संपलं. सह्या वगैरे नुसत्या नावापुरत्या.

आज दुपारी पुन्हा खोकला आला. मी त्या खोलीच्या दारात गेले आणि मोठ्याने म्हणाले, लिहिते अण्णा, आजच लिहिते.

हे पत्र सामानाच्या यादीसाठी नाही, निरंजन. अण्णा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू कंपनीत गेल्यावर, त्यांनी मला समोर बसवलं आणि माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. पिंपरीच्या बाजारातून आणलेलं मंगळसूत्र मी आरशात बघून नीट, सुलटं घातलं होतं. ते म्हणाले, "माय, आठ दिसाच्या नवरीचं मंगळसूत्र उलटं असतंय. सोळाव्या दिवशी सुलटं करत्यात." आमच्या घरी ही पद्धतच नाही, आणि तुला बाप्याला काय कळणार! मी रडायला लागले. तर म्हणाले, "रडू नगं. माझं लेकरू तुझ्यापाशी सुखात हाय, मला तेवढं बास. पर निऱ्याला सांगू नगं, त्यो माझ्यासमोर मान वर करायचा न्हाई." मी शब्द दिला. ते गेल्यावर तो पाळायची काही गरज नव्हती. दहाव्याच्या त्या दिवशी चहा देताना मी तुला सांगणारच होते. तेवढ्यात तू ते वाक्य बोललास, आणि मला इतका राग आला की मी मनात म्हटलं, भोग आता. अकरा महिने तू भोगतोयस. मी एका फोनने तुला सोडवू शकत होते, पण सोडवलं नाही. शुक्रवारी मी येईन आणि म्हणशील तिथे सही करीन. माफ कर असंही म्हणत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, अण्णांना कोणी फसवलं नव्हतं. फसवलं ते मी, तुला.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
स्वरूपा