सुमीच्या चपला

मंगळवार, २१ जानेवारी, संध्याकाळ

विंझरच्या शाळेतून एसटीने परत आले. अंग आंबलंय, आणि डोक्यातून त्या चपला जात नाहीत.

शाल, नारळ, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण, सगळं नेहमीचं. मग सातवीच्या वर्गात माझ्या पुस्तकावर प्रश्न. ‘गोष्ट कशी सुचते’ याचं उत्तर मी तयारच ठेवते. पण पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. “मॅडम, तुमची सुमी भात लावाया चपला घालूनच खाचरात उतरती. चिखलात चपला ऱ्हात्यात व्हय? आमी बांधावर काढतो.”

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले. आणि मी? मी म्हणाले, “अगं, सुमी तिथे नवीन होती ना, तिला माहीत नव्हतं.”

धडधडीत खोटं. सुमी त्याच गावात जन्मली, हे पहिल्याच पानावर मीच लिहिलंय. चुकलं म्हणायला काय जात होतं माझं? इतकी वर्षं पुस्तक विकलं जातंय. संपादकाच्या लक्षात आलं नाही. चित्रकाराने तर त्या चपलांना लाल पट्टे काढले.

मुलीला पटलेलं नव्हतं. तरी हळूच म्हणाली, “मंग तिला कुणी सांगितलं न्हाई?”

मी दाराकडे पाहिलं. साऱ्या वर्गाच्या चपला बाहेर ओळीने काढून ठेवलेल्या. बाईंच्यासुद्धा.

माझ्या मात्र पायातच होत्या. तासभर. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.